खव्याच्या भट्टीवरची बहीण

विमा कंपनीचा वकील म्हटलं की समोरच्याच्या कपाळाला आठी पडते. लग्नकार्यात कुणी ओळख करून देतं, 'हे अपघाताच्या केसेस बघतात', की माणूस आधी हरखतो, खुर्ची जवळ ओढतो. मग 'कंपनीच्या बाजूनं' हे दोन शब्द ऐकले की खुर्ची पुन्हा होती तिथं जाते. सगळी उमर मी आमच्या जिल्ह्याच्या कोर्टात कंपनीच्याच बाजूनं उभा राहिलो. मधे जिल्ह्याचं नाव बदललं, जुन्या फायलींवर उस्मानाबाद आणि नव्यांवर धाराशिव आलं, माझी बाजू मात्र तीच राहिली. समोर भाजलेला, मोडलेला माणूस आणि मी त्याला विचारतोय, खरंच एवढं झालंय का? बायको म्हणायची, 'तुम्हाला रात्री झोप कशी लागते हो?' लागायची. दिवसभर उभं राहून पाय दुखायचे, म्हणून लागायची.

संपादकांनी दिवाळीसाठी काही खटले लिहा म्हणून गळ घातली, तेव्हा मी आढेवेढे घेतले. जिंकलेले लिहिले तर वाचणाऱ्याला माझा राग येणार. हरलेले लिहायचे तर माझा मलाच राग येतो. पण एक खटला असा आहे, की त्यात मी जिंकलो का हरलो हेच मला अजून धड कळलेलं नाही. तोच लिहितो. नावं अर्थातच खरी नाहीत.

आधी आमचा धंदा थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं काही उलगडायचं नाही. कामावर असताना माणूस भाजला, तर या कायद्यात चूक कुणाची ते फारसं बघत नाहीत. मुख्य तीन गोष्टी बघतात. हा माणूस त्या मालकाचा कामगार होता का? इजा काम करताना, कामामुळं झाली का? आणि तिच्यामुळं त्याची कमावण्याची ताकद किती गेली? तिन्ही पटल्या की भरपाई. मालकानं कामगारांचा विमा उतरवलेला असला तर कंपनी भरते, नसला तर मालक. न्यायाधीशच त्या कामी आयुक्त म्हणून बसतात, आम्ही आपले 'साहेब' म्हणतो. आणि माझं काम म्हणजे त्या तिन्हींतली एखादी गोष्ट डळमळीत करायची.

भाजण्याच्या केसमध्ये लोकांचा हमखास घोळ होतो तो टक्क्यांचा. दवाखान्यात भाजलेली कातडी मोजायची एक साधी रीत आहे. रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे अंगावरच्या कातडीचा सुमारे एक टक्का. लोक तो कागद घेऊन येतात आणि म्हणतात, 'इतके टक्के भाजलोय, तितके टक्के द्या.' तसं नसतं. अख्खी पाठ भाजली तर टक्के भरपूर होतात, पण जखम भरून आली की पुष्कळ माणसं कामाला लागतात. आणि नुसता एक हात भाजला, कागदावर अगदी थोडे टक्के दिसले, तरी बोटं आखडली की माणूस घरी बसतो. एका गुऱ्हाळवाल्याला मी हे भर कोर्टात ऐकवलं, तर त्यानं सदराच काढला आणि साहेबांकडं पाठ करून उभा राहिला. साहेब म्हणाले, 'घाला तो.' तो म्हणाला, 'न्हाय, एकदाच बघून घ्या. ह्ये वकील परत काढाय लावतील.' मी लावला असता, खोटं कशाला बोलू.

केवळबाईचा नुसता हातच भाजला होता. उजवा, बोटांपासून कोपरापर्यंत.

भूम तालुक्यात, ईटच्या पलीकडं एका गावात बंकटरावांची खव्याची भट्टी आहे. आमच्याकडचा खवा लांबलांब जातो, पण तो होतो कसा हे खाणाऱ्याला ठाऊक नसतं. मोठ्या लोखंडी कढईत दूध ओततात, खाली जाळ, आणि लांब दांड्याच्या उलथण्यानं ते तळापासून सतत ढवळत राहायचं. हात थांबला की तळाला लागलं, आणि लागलं की सगळी कढई वाया. शेवटी दूध आटून घट्ट व्हायला लागतं तेव्हा ते फटफट उडतं. पाणी अंगावर पडलं तर ओघळून तरी जातं, हे चिकटून बसतं आणि भाजत राहतं. केवळबाई वीसेक वर्षं त्या कढईपुढं बसत होती. एके दिवशी फरशीवर तूपकट होतं, उठताना पाय सरकला आणि तोल सावरायला हात पुढं केला, तो कढईत. बाजूच्यांनी धावून पाणी ओतायच्या ऐवजी शाई ओतली. आमच्याकडं अजून ओततात.

जखम भरली, पण बोटं तळहाताकडं ओढली गेली आणि मधली कातडी एकमेकींना चिकटली. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करून बोटं सोडवता येतील, पण लांबवू नका, सांधे कायमचे धरतील. तिला नवरा नाही, पोर नाही. भरपाई मिळाली तर हात सुटणार, नाही तर तसाच राहणार. खटला होता तो एवढ्यासाठी.

खटल्याची कागदपत्रं पहिल्यांदा वाचली तेव्हाच मला काहीतरी खटकलं. मालक सहसा अशा वेळी कानावर हात ठेवतात. 'ही बाई आमच्याकडं कामाला नव्हतीच, ओळखतसुद्धा नाही.' बंकटरावांनी मात्र सगळं कबूल केलं होतं. कामाला होती, रोजानं होती, कामावरच भाजली. तिला वकीलही त्यांनीच गाठून दिलेला, वैशाली कदम नावाची आमच्या कोर्टातली तरुण, तिखट पोरगी. मालक इतका गोड वागला की विमा कंपनीच्या वकिलाच्या नाकाला संशयाचा वास येतो. आम्ही त्याला संगनमत म्हणतो. म्हटलं, चला, जागा बघून येऊ.

कंपनीच्या तपासनिसाबरोबर मी भट्टीवर गेलो. बंकटराव पन्नाशीचे, ठेंगणे, कपाळाला कुंकवाचा टिळा, बोलताना सारखे गमज्यानं मान पुसणारे. त्यांनी आम्हाला वाटीभर गरम खवा दिला, वर साखर. मी कंपनीचा माणूस, म्हणजे यांच्या पॉलिसीवर उलटायला आलेला, आणि हे मला घरात नेऊन बसवतायत! भिंतीवर एक मोठा फोटो होता. बंकटराव पाटावर बसलेत आणि एक बाई त्यांना ओवाळतेय. मी सहज विचारलं, 'या कोण?'

'ही आमची ताई,' ते कौतुकानं म्हणाले. 'केवळाताई. भाऊबीजेचा हाय.'

मी खवा खाली ठेवला. 'म्हणजे केसमधल्या केवळबाई?'

'व्हय. मानलेली बहीण. तिला सख्खा भाऊ न्हाय. सोनारीकडचं माहेर, आईबाप कवाच गेलं. आमच्या आईनं येरमाळ्याच्या देवीपुढं दोघांला उभं केलं, कुंकू लावलं आन् म्हणाली, आजपास्नं ह्यो तुजा भाऊ. चुकवली न्हाय बगा एकबी भाऊबीज तिनं.'

तपासनीस माझ्याकडं बघायला लागला, मी छताकडं. या भल्या माणसानं खवा चारून चारून स्वतःच्या हातानं माझ्या पदरात केस टाकली होती. कारण कायदा कामगाराला भरपाई देतो. घरचं माणूस म्हणून, नात्यानं, पगाराशिवाय हातभार लावणाऱ्या बहिणीला देत नाही. आणि विमा होता तोही कामगारांचा, बहिणींचा नव्हे.

केवळबाईच्या साक्षीला मी खुशीत गेलो. चाळिशी ओलांडलेली, काटक बाई, हात पदराखाली. प्रतिज्ञापत्रावर अंगठा घेताना कारकुनाशीच तिची जुंपली होती. तो म्हणे बाईमाणसाचा उजवा लागतो. तिनं उजवा पुढं केला, शाई लावली, कागदावर नुसता डाग उमटला. रेषाच उरल्या नव्हत्या. मग डावा घेतला. त्या प्रतिज्ञापत्रात वैशालीनं वकिली मराठीत चोख लिहिलं होतं, की अर्जदार ही सामनेवाल्याकडे मजूर म्हणून नोकरीस होती. बाईला ते वाचूनही दाखवलं होतं, पण तिनं कितपत ऐकलं देव जाणे.

मी उलटतपासाला उठलो. मऊ आवाजात विचारलं, 'बाई, बंकटराव तुमचे कोण लागतात?'

'भाऊ हाय.'

वैशालीनं मान झटकन वर केली.

'मालक नाहीत का?'

'मालक कशाला आसंल? भाऊ हाय म्हणते की.'

'पगार किती देत होते?'

'भावाकडनं कोण पगार घेतं वो?' तिनं मलाच विचारलं. 'दाणं देतो, दिवाळीला लुगडं देतो, आजारी पडलं तर दवाखाना करतो. त्येला काय पगार म्हणायचं का?'

वकिलीतला पहिला धडा असा, की हवं ते उत्तर मिळालं की गप खाली बसायचं. मी नाही बसलो. मला खरंच कळत नव्हतं. मी म्हणालो, 'बाई, मग रोज भट्टीवर कशाला जात होता?'

'भावाच्या भट्टीवर बहिणीनं जायला कुणाची परवानगी लागती?'

मागं लोक हसले. ती हसली नाही. साहेब चष्मा काढून म्हणाले, 'बाई, नीट ऐका. तुम्ही कामगार होता असं म्हटलं नाही, तर तुम्हाला भरपाई मिळणार नाही. कळतंय का?'

'कळतंय की. पर मी मजूर कशी म्हणू? उद्या भाऊबीजंला मजुरानं ओवाळायचं का त्येला?'

साहेबांनी चष्मा लावला. मी बसलो. बाहेर वैशालीनं तिला कोपऱ्यात घेऊन असं झापलं, की चहावाल्यापर्यंत ऐकू गेलं. 'मावशी, हाताचं काय? हात हवाय की नको?' केवळबाई म्हणत होती, 'हात पायजे की. कुणाला नगं आसंल?' दोन्ही पाहिजे होतं तिला, हातही आणि भाऊही, आणि आम्ही सगळे शिकलेसवरलेले मिळून तिला सांगत होतो की एकच मिळेल. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, 'मग तुम्ही जिंकलात?' म्हटलं, 'तसं दिसतंय.' जेवण काही गेलं नाही. हे असं का व्हावं, कंपनीचा पैसा वाचत होता, माझं काम चोख झालं होतं!

पुढच्या तारखेला बंकटरावांची साक्ष. ते पिंजऱ्यात उभे राहिले आणि गमजा हातात पिळायला लागले. केवळबाई मागच्या बाकावर, भिंतीला टेकून. बंकटरावांच्या वकिलानं विचारलं, 'केवळबाई तुमच्याकडं काय म्हणून होत्या?'

'मजूर,' बंकटराव म्हणाले. इतक्या हळू, की साहेबांनी परत विचारलं.

'मजूर होती साहेब. रोजानं.'

मी मागं वळून बघितलं नाही. वकिलानं बघू नये. पण बाकाचा आवाज झाला तेवढा ऐकला.

आता उलटतपास माझा. आणि इथून पुढं माझ्या डोक्याचा जो काला झाला, तो आजतागायत निवळलेला नाही. कारण मला सिद्ध करायचं होतं, की हा माणूस तिला जीव लावतो. त्यानं लावलेली सगळी माया एकेक करून कोर्टापुढं मांडायची, आणि त्या मायेच्या जोरावर बाईचे पैसे बुडवायचे. आणि त्याला तिचा हात वाचवायचा, तर माया नव्हतीच म्हणायला पाहिजे होतं.

'दरसाल भाऊबीजेला ओवाळते ना?'

'ओवाळत आसंल. गावात लई जणी ओवाळतात.'

'घरात भिंतीवर तिचा फोटो आहे ना?'

'हाय... पोरांनी लावलाय.'

'तिचा नवरा वारला तेव्हा माहेरच्या माणसांनी न्यायचं दुखवट्याचं लुगडं कुणी नेलं?'

गमज्याला पीळ पडला. 'म्या नेलं. मालक म्हणून नेलं.'

'मालक मजुराला दुखवटा नेतो?'

बंकटरावांनी गमज्यानं मान पुसली.

'येरमाळ्याच्या देवीपुढं तुमच्या आईनं काय सांगितलं होतं? आठवतं का? देवीचं नाव घेऊन सांगा.'

हे मी जरा चढ्या आवाजात विचारलं. देवीचं नाव काढलं की आमच्याकडचा माणूस खोटं बोलत नाही, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. बंकटरावांचं तोंड काळवंडलं. त्यांनी एकदा केवळबाईकडं बघितलं आणि मग साहेबांकडं वळून हात जोडले.

'साहेब, खरं सांगू का? बहीण आसती तर भट्टीपुढं बसवली आसती का म्या तिला? माज्या सख्ख्या बहिणी हायत की दोन. येत्यात, चार दिस ऱ्हात्यात, जात्यात. एकीला तरी कढईजवळ फिरकू दिलं का कवा? घाम पुसायची पाळी आली न्हाय त्यांच्यावर. हिला वीस वर्सं बसवली. मजूर व्हती म्हणूनच बसवली ना?'

टिपणात चांगले चारपाच प्रश्न लिहून आणले होते, सगळे बिनकामाचे झाले. मी 'एवढंच' म्हणून बसलो.

आता सांगा, तो खरं बोलला का खोटं? वैशाली म्हणाली, 'देवमाणूस आहे, स्वतःला कमीपणा घेतला आणि तिचा हात वाचवला.' आमचा तपासनीस म्हणाला, 'कसला देवमाणूस! कंपनीनं नाही भरलं तर गावात तोंड दाखवायला यालाच खर्च करावा लागला असता, म्हणून बोलला.' मला वाटतं, बोलायला लागला तेव्हा तो तिच्यासाठी खोटं बोलत होता, आणि बोलता बोलता त्यालाच दिसलं की हे खरं आहे. त्याचा तो चेहरा मी जवळून बघितलाय. पण हे माझं वाटणं. उद्या कुणी दुसरं सांगितलं तर तेही मला पटेल. वीस वर्षं भाऊ म्हणून दाणे दिले की भाऊ म्हणवून रोजाचा पैसा वाचवला? दोन्ही एकाच वेळी असू शकतं का? मी तर कायदा शिकलोय, माझ्या डोक्यात एका रकान्यात एकच उत्तर बसतं.

निकालाच्या दिवशी साहेबांनी अर्ज मंजूर केला. नातं मानलेलं असलं तरी काम रोजचं होतं, दाणे आणि लुगडं हाच तिचा मोबदला होता आणि सामनेवाल्याच्या साक्षीवरून ती कामगार होती असं त्यांनी ठरवलं. भरपाई कंपनीनं द्यायची. पुढं ती मिळाली, ऑपरेशन झालं, तीन बोटं मोकळी झाली असं वैशालीकडून कळलं. मला बरं वाटलं, हे कंपनीला सांगू नका.

पण त्या दिवशी निकाल ऐकून मी बाहेर आलो, तर केवळबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हटलं, आता शिव्या खायच्या. त्या आम्हाला सवयीच्या असतात.

ती म्हणाली, 'वकीलसाहेब, तुमी वर अपील करा.'

'अहो बाई, निकाल तुमच्या बाजूनं लागलाय! अपील मी केलं तर तुमचे पैसे अडकतील.'

'अडकू द्या. पर वरल्या कोर्टात त्येला परत हुबं करा. तुमी इचारलं तसंच इचारा. भाऊबीजंचं इचारा, लुगड्याचं इचारा. तुमीच येकटं खरं बोलत व्हता. हितं त्यो घाबरला. वर न्हाय घाबरायचा.'

आयुष्यभर समोरच्या बाजूच्या माणसानं मला खोटारडा म्हटलं होतं, आणि ही बाई, जिचे पैसे मी बुडवायला निघालो होतो, ती मला असं म्हणत होती. मी तिला समजावलं, 'बाई, वरच्या कोर्टात साक्षीदार परत उभे करत नाहीत. तिथं कागद वाचतात फक्त. इथं जे लिहिलं गेलं, तेच.'

'म्हंजी त्यो बोलला त्ये तसंच ऱ्हाणार?'

'राहणार.'

'खोडता येत न्हाय?'

'नाही बाई.'

'बरं,' ती म्हणाली. आता हिला अभिनंदन म्हणायचं?

आवारात बंकटरावांची जीप उभी होती. गावाकडं जायला दुसरी गाडी नव्हती, दर तारखेला ती त्यांच्याच गाडीतून यायची. बंकटरावांनी पुढचं दार उघडून धरलं आणि म्हणाले, 'बस ताई. ऊन लई हाय.'

केवळबाई दारापर्यंत गेली आणि थांबली. 'न्हाय मालक,' ती म्हणाली, 'मी मागं बसते.' मग वळसा घालून गेली, डाव्या हातानं मागची फळी पाडली आणि दुधाच्या रिकाम्या कॅनांमध्ये जाऊन बसली. बंकटराव बराच वेळ ते पुढचं दार तसंच धरून उभे होते.